साहेबानं आपली क्रियापदं नेली, तीही हुकुमासकट

बेळगावच्या टिळकवाडीत दुसरं रेल्वे गेट पडलं की रुळांच्या दोन्ही बाजूंना दुचाक्यांची रांग लागते. रिक्षावाले इंजिन बंद करतात, कॉलेजची पोरं स्कूटरवर आडवं बसून गप्पा हाणतात आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा धंदा पाच-दहा मिनिटं जोरात चालतो. अशाच एका खोळंब्यात माझ्या पिशवीत लायब्ररीतून आणलेला एक जाडजूड शब्दकोश होता. मालगाडी काही येईना, म्हणून तो स्कूटरच्या सीटवर ठेवून मधूनच उघडला आणि समोर आलं एक इंग्रजी क्रियापद: ‘टू पकराव’.

अर्थ काय? धरणे. पकडणे. त्यातही गोरा सोल्जर जेव्हा ऐकत नसलेल्या ‘नेटिव्हा’ची मानगूट धरतो, ते धरणं.

गेट उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी माझा डोळा त्या पानावरून हलत नव्हता. ‘पकडो’ हा आपल्या कानाला रोजचा शब्द. तो इंग्रजी शब्दकोशात टोपी घालून बसलेला, आणि तोही नाम म्हणून नाही, चक्क क्रियापद म्हणून! साडी, करी, बंगला, पायजमा ही आपली नामं इंग्रजीत गेली हे शाळेत सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. मराठीनं तर इंग्रजीला मुंगूसही दिलं. त्यांचं ‘मोंगूस’ आपल्याकडचंच. पण नाम देणं सोपं. वस्तू दाखवायची, नाव सांगायचं, झालं. क्रियापद म्हणजे भाषेचा कणा. तो कुणी सहजी उचलत नाही. मग साहेबानं आपली क्रियापदं उचलली कशी?

या प्रश्नानं मला पुढचे कित्येक दिवस सोडलं नाही. त्यातून जे हाती लागलं ते इथं वाढून ठेवतोय.

मातमाच्या हाकेवरून ग्रंथाचं नाव

आधी त्या ग्रंथाविषयी. नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. 1886 साली लंडनला निघाला. हेन्री यूल हे सैन्यातले इंजिनिअर आणि आर्थर बर्नेल हे मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी, या दोघांचं हे काम. बर्नेल 1882 मध्येच गेले, छापील ग्रंथ त्यांना पाहायला मिळाला नाही. पुढं 1903 मध्ये विल्यम क्रूक यांनी भर घालून दुसरी आवृत्ती काढली.

नावाची गंमत अशी, की हॉब्सन आणि जॉब्सन नावाची माणसं कधी नव्हतीच. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत लोक ‘या हसन! या हुसेन!’ म्हणायचे. गोऱ्या सोल्जरांच्या कानाला ते ऐकू आलं हॉब्सन-जॉब्सन. हसन आणि हुसेन ही त्यांच्या दृष्टीनं दोन इंग्रज आडनावं झाली. परका शब्द आपल्या कानाच्या साच्यात ओतून घेण्याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नाही, म्हणून यूल यांनी तेच नाव ग्रंथाला दिलं.

आपलं बेळगावही त्यात आहे बरं का! दक्षिण मराठा मुलखातलं एक शहर आणि जिल्हा, अशी नोंद. मूळ नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूंचं गाव, असंही दिलंय. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज इतिहासकारानं त्याला ‘बिल्गान’ लिहिलं होतं, हेही त्यातच.

सगळी क्रियापदं आज्ञार्थी

आता पकरावकडं परत येऊ, कारण खरा मासला तिथंच आहे.

‘पकरावणं’ हे सोल्जरांच्या बोलीतलं क्रियापद, असं कोशकार स्वच्छ सांगतात. मूळ हिंदी क्रियापद ‘पकडना’. पण इंग्रजानं ‘पकडना’ घेतलं नाही, ‘पकडता’ घेतलं नाही, ‘पकडलं’ तर नाहीच. त्यानं घेतलं ते आज्ञार्थी रूप. का? कारण त्याच्या तोंडी दिवसभर तेवढंच एक रूप होतं. पाणी लाओ, घोडा पकडो, जूता निकालो. बाकीचे काळ, बाकीचे अर्थ त्याला लागायचेच नाहीत. नोकराशी गप्पा मारायच्या असत्या तर ‘गेला होता’, ‘जाईल’, ‘गेला असता तर’ हे सगळं शिकावं लागलं असतं. हुकूम द्यायला एक रूप पुरतं. मग तो हुकूम तसाच्या तसा उचलून त्याच्यापुढं इंग्रजीतला ‘टू’ बसवला, मागं भूतकाळाचा प्रत्यय चिकटवला, आणि क्रियापद तयार!

एकट्या पकरावचं असं झालं असतं तर अपघात म्हटला असता. पण याचं अख्खं गोत आहे.

‘टू गबराव’ म्हणजे माणसाला गोंधळवून, दरडावून त्याची गाळण उडवणं. घाबरणे या क्रियापदाची हिंदी बहीण. यात एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. आपण घाबरतो ते स्वतः. दुसऱ्याला भीती घालायची तर आपण घाबरवतो. साहेबाच्या क्रियापदात मात्र स्वतः घाबरण्याची सोयच नाही. तो फक्त दुसऱ्याला ‘गबराव’तो!

‘टू फूझिलाव’ म्हणजे गोड बोलून वळवणं. फुसलावणे. आजही पेपरात ‘फुसलावून पळवून नेल्या’ची बातमी येते ना, तोच शब्द. इंग्रजी रूप उच्चारताना तर तोंडात साखर घोळवल्यासारखं वाटतं.

‘टू समजाव’ या क्रियापदाचा अर्थ वाचून मी क्षणभर थांबलो. सांगणं, ताकीद देणं, सुधारणं, आणि तेही बहुतेक वेळा हात उगारून! कोशकारांनीच तसं नमूद केलंय. ‘समजावणे’ या मायेच्या क्रियापदाचं छावणीत हे झालं. पण मग आपल्या पोलीस ठाण्याची भाषा आठवली: ‘दोघांना समज देऊन सोडण्यात आलं.’ ही समज काही प्रेमानं दिलेली नसते. त्या अर्थाची ठिणगी आपल्याही भाषेत होतीच.

दम खा, मग ठरवू

मला सगळ्यांत भावलं ते ‘टू डमकाव’. दरडावून गप्प करणं.

हे आलं कुठून, यावर कोशातच दोन मतं आहेत. पहिल्या आवृत्तीत यूल यांनी मूळ दिलं ‘दम खाना’, म्हणजे श्वास गिळणं, गप्प राहणं. क्रूक यांनी 1903 मध्ये सुचवलं, की ‘धमकाना’ हे जास्त संभवतं. अर्थाकडं पाहिलं तर क्रूक बरोबर वाटतात. धमकावूनच माणूस गप्प होतो.

पण मराठी माणसाला हा वाद वाचताना वेगळीच मजा येते, कारण आपल्या घरात दोन्ही दम नांदतात. ‘जरा दम खा की’ म्हणजे थांब, धीर धर. ‘सज्जड दम दिला’ म्हणजे धमकावलं. ‘दम लागला’ म्हणजे धाप लागली. ‘त्याच्यात दम नाही’ म्हणजे ताकद नाही. एकच शब्द थांबवतो, भिववतो, थकवतो आणि जोखतो. इंग्लंडात बसलेल्या कोशकारांना जे कोडं पडलं ते इथल्या शाळकरी पोराला पडणार नाही. तो एका दमात चारही अर्थ वापरून मोकळा होईल.

आणखी एक. इंग्रजीत ‘डम’ म्हणजे मुका, आणि ‘काव’ हे स्वतंत्र क्रियापद आहेच, त्याचा अर्थ दबवणं. त्यामुळं इंग्रजाच्या कानाला ‘डमकाव’ हा अस्सल घरचाच शब्द वाटला असणार: मुका होईपर्यंत दबवणं. त्याचं स्पेलिंगही त्यांनी त्याच थाटात केलं. हसन-हुसेनचं हॉब्सन-जॉब्सन झालं, तीच ही तऱ्हा.

बनाव नाम की क्रियापद?

‘टू बनाव’ म्हणजे खोटं रचणं. आणि नुसतं ‘बनाव’ म्हटलं तर ती रचलेली गोष्ट. म्हणजे आपण ‘अपघाताचा बनाव केला’ म्हणतो, नेमकं तेच.

इथं मराठीचं एक वैशिष्ट्य दिसतं. हिंदीत ‘बनाओ’ हा हुकूम. मराठीत ‘बनाव’ हे नाम. आपल्याकडं ‘आव’ लागून किती नामं होतात पाहा: ठराव, सराव, जमाव, उठाव, पाडाव, घेराव. त्यामुळं साहेबाच्या या क्रियापदांची यादी मराठी माणसानं मोठ्यानं वाचली की ती नामांची यादी वाटते. हुकूम ऐकायचा म्हटला तर हिंदीचा कान लागतो.

घेराव या शब्दाची कहाणी तर अलीकडची. 1967 च्या सुमारास बंगालमधल्या कामगार आंदोलनांतून तो इंग्रजी पेपरांत गेला आणि तिथून इंग्रजी शब्दकोशांत. यावेळी हुकूम देणारा साहेब मात्र खुर्चीत अडकलेला होता आणि क्रियापद बाहेर उभ्या कामगारांच्या हातात होतं.

नाव लागली, गाडी लागली

‘टू लगाव’ म्हणजे होडी काठाला लावणं. नदीच्या प्रवासात साहेब नावाड्याला ओरडायचा, ‘लगाओ!’ आणि त्याचं क्रियापद झालं.

मराठीत ‘लावणे’ आणि ‘लागणे’ या जोडीवर वेगळा ग्रंथ होईल. नाव काठाला लागते. एस.टी. फलाटाला लागते. गाडी सावलीला लावतात. निपाणीकडं शेतात तंबाखू लावतात. घरात दिवा लावतात, कुकर लावतात, टीव्ही लावतात, दार लावतात, जीव लावतात. आणि आंबोलीच्या घाटात ज्याला गाडी लागते, त्याला पुढं बसवून हातात लिंबू देतात. साहेबानं एवढ्या मोठ्या पेटाऱ्यातून उचललं काय, तर होडी बांधणं!

चापूनचोपून शॅम्पू

हे सगळे शब्द मेले, असं कुणी म्हणेल. खरंय, आज लंडनमध्ये कुणी कुणाला पकरावत नाही. पण या गोतातला एक शब्द जगला, आणि असा जगला की तुमच्या बाथरूमच्या फळीवर तो आत्ताही उभा आहे.

शॅम्पू. हाही मुळात हुकूमच. ‘चांपो!’ म्हणजे चेप, दाब, रगड. इंग्रजीत तो अठराव्या शतकात, 1762 च्या आसपास दिसतो आणि तेव्हा त्याचा केसांशी काडीचा संबंध नाही. शॅम्पू करणं म्हणजे अंग रगडून घेणं. पाटण्याचे शेख दीन महंमद 1814 च्या सुमारास इंग्लंडात ब्रायटनच्या समुद्रकाठी गेले आणि तिथं त्यांनी वाफेचं स्नान आणि मालिश यांचा धंदा थाटला. तो इतका चालला की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते ‘शॅम्पूइंग सर्जन’ झाले. केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला आणि मग बाटलीतल्या पदार्थालाच ते नाव पडलं.

आता मराठीत बघा. त्याच घराण्यातलं आपलं क्रियापद आहे ‘चापणे’. चापूनचोपून नेसलेली साडी म्हणतो ना आपण? ती साडी आणि तो शॅम्पू एकाच मुळाचे. लग्नघरात सकाळी न्हाऊन, चापूनचोपून नऊवारी नेसलेल्या मावशीला हे सांगून पाहा!

घाईत दोन-तीन आणखी. ‘डेको घेणं’ म्हणजे नजर टाकणं, हे आपलं ‘देखो’. ब्रिटिश नौदलात कपडे धुण्याला ‘धोबीइंग’ म्हणतात. तिथं हुकुमाऐवजी माणसाचंच क्रियापद केलं. ‘लूट’ 1788 मध्ये इंग्रजी शब्दसंग्रहात आला आणि आज जगभर कुठंही दंगल झाली की पेपरात पहिला तोच छापला जातो.

मोडणे या क्रियापदाचा लांबचा प्रवास

एक शब्द मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळा. हुकुमातून न आलेला, आणि मराठी-कोंकणीतून थेट गेलेला.

पोटाच्या दुखण्याला आपण मोडशी म्हणतो. कोंकणीतही तोच शब्द. हॉब्सन-जॉब्सन त्याचं मूळ ‘मोडणे’ या क्रियापदात पाहतो: माणूस मोडून पडतो, म्हणून मोडशी. गोव्यात पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला. गार्सिया द ओर्ता या वैद्यानं 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात पटकीच्या वर्णनात तो येतो. पोर्तुगीजांनी त्याचं केलं ‘मोर्देशीं’. ते ऐकून फ्रेंचांना वाटलं, अरे, ही तर आपलीच भाषा! त्यांनी केलं ‘मोर द श्यां’, आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ झाला कुत्र्याचं मरण. मग इंग्रजांनी फ्रेंच रूप उचललं आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पटकीला ते कुत्र्याचं मरण म्हणत राहिले.

कोकणातल्या एखाद्या आजीनं पोट धरून ‘मोडशी झाली गो’ म्हटलं असेल. त्यात कुत्रं कुठंच नव्हतं.

एक सोल्जर पकरावणारा, एक शब्द वेचणारा

हे वाचताना सारखं आमचं बेळगाव डोळ्यांपुढं येत होतं, कारण हे छावणीचं गाव. 1818 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि पुढं छावणी वसवली. आजही आपण त्या भागाला कॅम्पच म्हणतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच. गोऱ्या सोल्जरची ती मोडकी हिंदुस्थानी याही बराकींतून घुमली असणार.

पण इंग्रजांच्याच मुंबई फौजेत जेम्स थॉमस मोल्सवर्थ हाही अधिकारी होता. तोही पोरवयात आला. त्यालाही हुकुमापुरती भाषा पुरली असती. त्यानं मात्र कान उघडा ठेवला. 1831 मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, 1857 मध्ये साठ हजारांच्या आसपास शब्दांची दुसरी आवृत्ती निघाली, आणि अजूनही एखादा जुना मराठी शब्द अडला की आपण मोल्सवर्थच उघडतो. एकाच वर्दीतली ही दोन माणसं. एकाला क्रियापदाचं एकच रूप ठाऊक होतं, दुसऱ्यानं म्हणी, वाक्प्रचार, शिव्या, शेतकऱ्यांचे शब्द, सगळं वेचलं. मोल्सवर्थचं ऋण मला फार मोठं वाटतं.

आपण त्यांची क्रियापदं कशी घेतो?

उलट बाजूही पाहायला हवी. फारसीतून आपण घेतलं तेव्हा सरळ ‘णे’ लावून घरचं करून टाकलं: बदलणे, खर्चणे, फर्मावणे, आजमावणे. इंग्रजीला मात्र आपण अजून पाहुण्यासारखं वागवतो. फोन करणे, पार्क करणे, कॅन्सल करणे, फॉरवर्ड करणे. इंग्रजी शब्द नामासारखा पुढं बसवायचा आणि काम ‘करणे’कडून करून घ्यायचं. ‘पार्कणे’ कुणी म्हणत नाही.

आणि एक क्रियापद तर आपण, म्हणजे भारतीयांनी, इंग्रजीत रुजवलं: प्रीपोन. ठरलेली वेळ अलीकडं आणणं. इंग्रजीत पोस्टपोन आहे, मग त्याच्या उलट का नको? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात याचे जुने दाखले आहेत. 1549 मध्ये रॉबर्ट क्रॉली यांनी ‘समोर ठेवणे’ या अर्थानं तो वापरला. 1913 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून एका वाचकानं आजच्या अर्थानं तो सुचवला. शशी थरूर यांनीही, हा शब्द आपण कॉलेजात असताना काढला, असं जाहीरपणे सांगितलं होतं. पण कुणी का काढेना, वापरला आणि टिकवला तो आपल्या कचेऱ्यांनी, कॉलेजांनी, रेल्वेनं.

त्याचं एक कारण मला आमच्या घरातल्या बोलण्यात सापडतं. इंग्रजीत बैठक ‘ब्रिंग फॉरवर्ड’ केली, म्हणजे ‘पुढं आणली’, की ती लवकर होते. मराठीत लग्न पुढं ढकललं की ते उशिरा होतं! त्यांचं पुढं ते आपलं अलीकडं. या घोळात कुणाचा तरी मुहूर्त चुकायचा. प्रीपोन म्हटलं की भानगडच मिटते. परीक्षेची तारीख बदलली की टिळकवाडीतल्या कुठल्याही कॉलेजच्या फलकासमोर उभं राहून ऐका, हे क्रियापद दोनदा तरी कानावर येईल.

या की, बसा की

शेवटी पुन्हा आज्ञार्थाकडं, कारण तो आमच्या भागात फार सुंदर आहे.

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यात कोरडा हुकूम ऐकू येणं कठीण. ‘या’ म्हणत नाहीत, ‘या की’ म्हणतात. ‘बसा की.’ ‘घ्या की.’ त्या ‘की’नं हुकुमाची धार जाते आणि आग्रह उरतो. शेजारची कन्नडही तशीच. ‘बा’ म्हणजे ये. पण दारात आलेल्याला इकडच्या कन्नडमध्ये ‘बर्री’ म्हणतात, ‘कुंद्री’ म्हणतात. ते शेवटचं ‘री’ म्हणजे मान. पु. ल. देशपांडे याच टिळकवाडीतल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात मराठी शिकवायला होते. ‘गणगोत’मधल्या त्यांच्या रावसाहेबांच्या तोंडून बेळगावचं हे मराठी-कानडी बोलणं महाराष्ट्रभर पोचलं, आणि त्या बोलण्यात शिवीलाही केवढी माया होती!

साहेब इथं शंभराहून जास्त वर्षं राहिला. पकडो नेलं, लगाओ नेलं, चांपो नेलं. ‘की’ नेला नाही, ‘री’ही नेला नाही.

परवा पुन्हा गेट पडलं. तोच ग्रंथ परत करायला निघालो होतो. चहावाल्यानं लांबूनच ओळखलं, कप पुढं केला. पलीकडच्या रिक्षावाल्याला त्यानं कन्नडमध्ये ‘बर्री’ म्हणून हाक मारली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, “घ्या की सर, मालगाडी आहे, अजून अर्धा होतोय.”